परसदारचा गवती चहा : लागवड, निगा आणि स्वयंपाकातील उपयोग

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, विहिरीच्या काठी किंवा परसातील कुंपणाच्या कडेला गवती चहाचा एखादा ठोंब बहुधा आढळतोच. तो कोणी व केव्हा लावला, हे पुष्कळदा घरातील माणसांनाही आठवत नाही. शेजारणीने दिलेला एखादा फुटवा मातीत खोचला गेला आणि पावसाने त्याचा ठोंब केला, एवढाच त्याचा इतिहास असतो. जी वस्तू इतक्या सहज मिळते, तिच्याकडे लक्षही तितकेच थोडे दिले जाते. त्यामुळे दोनतीन वर्षांत ठोंब दाटतो, त्याच्या पोटात वाळलेले पाचट साठते, पाने अरुंद व निबर होतात. मग अशी चार पाती पुरेनात म्हणून दहा घातली जातात, भांडे उघडे ठेवून ती खळखळा उकळली जातात, आणि शेवटी पेल्यात उतरतो तो गवताचा उग्रपणा. लिंबाचा सुवास मात्र वाफेबरोबर केव्हाच निघून गेलेला असतो.

हे टाळावयाचे तर फार मोठ्या ज्ञानाची किंवा खर्चाची गरज नाही. एकच गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ती अशी की, गवती चहाचा वास हा त्याच्या पानांतील एका उडून जाणाऱ्या तेलाचा वास आहे. हे तेल पानांत भरपूर तयार व्हावे यासाठी लागवड व निगा, ते पानांत टिकून राहावे यासाठी योग्य वेळची कापणी व सावलीतील वाळवण, आणि ते पेल्यापर्यंत पोहोचावे यासाठी भांड्यावरील झाकण, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी जरी निसटली तरी आधीचे श्रम वाया जातात. या लेखात त्या सर्व कड्यांचा क्रमाने विचार केला आहे.

लिंबाचा वास येतो कोठून?

लिंबाची साल नखाने खरवडली असता जो वास दरवळतो, त्याचे मुख्य कारण सिट्रल नावाचे द्रव्य होय. लिंबाच्या सालीतील तेलात सिट्रलचे प्रमाण थोडेच, म्हणजे शंभर भागांत सुमारे दोन ते पाच भाग, इतके असते. गवती चहाच्या तेलात मात्र ते साधारणपणे ७० ते ८० टक्के असते. म्हणूनच गवताच्या जातीच्या या वनस्पतीला लिंबाचा इतका स्पष्ट वास येतो. हे तेल पानांत फार थोडे असते. शंभर किलो ओल्या पाल्यापासून सुमारे तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघते. एवढ्या थोड्या तेलावर साऱ्या वासाची भिस्त असल्यामुळे त्याची नासाडी होऊ न देणे अगत्याचे आहे.

या तेलाचे दोन स्वभाव ओळखून ठेवावेत. पहिला असा की, ते पानाच्या आत विशिष्ट पेशींत बंद असते. तुळशीजवळून जाताना नुसता पदर लागला तरी वास येतो, कारण तुळशीचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील बारीक ग्रंथींत असते. गवती चहाच्या ठोंबाजवळ तासभर उभे राहिले तरी तसा वास येत नाही. पान चुरगळले, कापले किंवा ठेचले म्हणजेच तो येतो. दुसरा स्वभाव असा की, एकदा मोकळे झालेले तेल उष्णतेने व वाफेबरोबर चटकन उडून जाते. सुगंधी तेलाच्या भट्ट्या याच गुणाचा उपयोग करतात. भट्टीत गवतातून वाफ सोडतात, ती तेलाला बरोबर घेऊन निघते, पुढे नळीत थंड होऊन तिचे पाणी होते आणि तेल त्या पाण्यावर तरंगते. घरी उघड्या भांड्यात गवती चहा उकळणे म्हणजे भट्टी लावून तेल वाऱ्यावर सोडून देण्यासारखेच आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. गवती चहाला वास लिंबाचा असला तरी लिंबाचा आंबटपणा त्याच्यात नाही, आणि लिंबाच्या रसातून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाची अपेक्षाही त्याच्याकडून करता येत नाही. “आम्ही रोज गवती चहा घेतो, मग जेवणात लिंबू कशाला?” असे कोणी म्हटल्यास त्याचा गैरसमज दूर करावा. पालेभाजी, डाळ, भाकरी यांतील लोह अंगी लागण्यास जेवणात पिळलेल्या लिंबाची मदत होते. ते काम गवती चहा करू शकत नाही. उलट आंबटपणा नसल्यामुळे त्याचा एक वेगळा फायदा आहे. लिंबाच्या रसाने दूध नासते, गवती चहाने नासत नाही. दुधाच्या पदार्थांना लिंबाचा सुवास द्यावयाचा असल्यास याहून सोपा उपाय नाही.

ओळख व सारखी दिसणारी गवते

आपल्याकडे परसात लावतात तो गवती चहा म्हणजे सिंबोपोगॉन सिट्रॅटस ही वनस्पती. तिची पाने दोन ते तीन फूट लांब, बोटभर रुंद, निळसर हिरवी असून त्यांच्या कडा खरखरीत व हाताला कापणाऱ्या असतात. पानांच्या तळाचे आवरण एकावर एक गुंडाळले जाऊन कांद्याच्या पातीसारखा फिकट पांढरट बुंधा तयार होतो. तिला तुरे क्वचितच येतात. त्यामुळे तिची वाढ बियांपासून न करता फुटव्यांपासून करतात.

केरळात तेलासाठी पिकविली जाणारी सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस ही तिची जवळची बहीण होय. ती अधिक उंच वाढते व तिला तुरे येतात. या पिकाच्या अभ्यासासाठी केरळातील ओडक्कली येथे १९५१ साली संशोधन केंद्र सुरू झाले, आणि तेथील ‘सुगंधी’ हा वाण पुढे प्रसिद्धीस आला. १९५९ साली स्थापन झालेल्या व आज केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था (सीमॅप) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लखनौ येथील संस्थेनेही तेलासाठी अनेक वाण तयार केले आहेत. घरगुती चहासाठी मात्र परसातील नेहमीची जातच पुरेशी व चवीला सौम्य आहे.

फुटवे आणताना फसगत होऊ नये म्हणून पुढील फरक ध्यानात ठेवावेत. सिट्रोनेला नावाचे गवत दिसावयास अगदी असेच असते, परंतु त्याच्या बुंध्यावर पुष्कळदा तांबूस छटा असते आणि पान चुरगळल्यास साबणासारखा उग्र वास येतो. त्याचे तेल साबणात व डास पळविण्याच्या औषधात वापरतात. चहासाठी ते उपयोगाचे नाही. खानदेश, विदर्भ व निमाड या भागांतील डोंगरउतारांवर आपोआप वाढणारे रोशा गवत, ज्याला तिखाडी असेही म्हणतात, त्याचा वास गुलाबासारखा असतो व पावसाळ्यानंतर त्याला तुरे येतात. वाळ्याच्या ठोंबाचीही पाने लांब असतात, परंतु वाळ्याचा वास मुळांना असतो, पानांना नसतो. सारांश, डोळ्यांवर विसंबून न राहता पान चुरगळून हुंगावे. स्वच्छ लिंबाचा वास आला तरच फुटवा घरी आणावा.

लिंबाच्या वासाची एक निलगिरीही रस्त्याच्या कडेला आढळते. तिची पाने चहात किंवा काढ्यात कदापि घालू नयेत. वास सारखा असला म्हणजे वनस्पती खाण्याजोगी असतेच असे नाही.

जागा आणि जमीन

गवती चहाला उष्ण हवा, भरपूर ऊन व मधूनमधून मिळणारी ओल मानवते. दाट सावलीत तो जगतो, पण पाने लांबट व पातळ होतात आणि वास कमी पडतो. म्हणून निदान अर्धा दिवस ऊन मिळेल अशी जागा निवडावी. जमीन कोणतीही चालते. मात्र पाण्याचा निचरा झालाच पाहिजे. कोकणातील जांभ्या मातीत तो सहज वाढतो. देशावरील व विदर्भातील भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून बुंधे कुजतात, म्हणून तेथे वीतभर उंचीचा वाफा किंवा वरंबा करून त्यावर लागवड करावी. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडण्याचा संभव असतो. तेथे शेणखत सढळ हाताने घालावे.

न्हाणीचे पाणी जाते तेथे ठोंब लावण्याची आपल्याकडील रीत काटकसरीची आहे. परंतु पूर्वी भांडी राखेने घासली जात, आता साबणाच्या चुऱ्याचा वापर फार वाढला आहे, ही गोष्ट विसरू नये. फेसाळ पाणी रोज एकाच ठिकाणी साचल्यास जमीन खराब होते व डासही वाढतात. शक्य तर ते पाणी वाळू व विटांचे तुकडे भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून पुढे काढावे, ते मुळांशीच द्यावे, पानांवर उडू देऊ नये. शौचालयाच्या पाण्यावर गवती चहा कधीही वाढवू नये, कारण त्याची पाने आपण खाण्यापिण्यात वापरतो. तसेच शेताच्या बांधावर ठोंब असल्यास शेजारच्या पिकावर फवारलेले औषध त्यावर पडलेले नाही, याची खात्री करून मगच पाती घ्याव्यात.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी एक फूट खोलीची कुंडी, फुटका माठ किंवा पत्र्याचा जुना डबा वापरावा. तळाला दोनतीन भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात आणि दोन भाग माती, एक भाग शेणखत व एक भाग वाळू यांचे मिश्रण भरावे. ज्या डब्यात पूर्वी कीटकनाशक किंवा रंग होता, तो घेऊ नये.

लागवड

मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत, केलेली लागवड सर्वांत सोपी, कारण रोप जगविण्याचे काम पाऊसच करतो. पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येही फुटवे लावता येतात.

निरोगी, निदान एक वर्ष वयाचा ठोंब कुदळीने खणून काढावा व हाताने त्याचे फुटवे वेगळे करावेत. प्रत्येक फुटव्याला थोडी तरी मुळे असावीत. वाळलेली आवरणे सोलून टाकावीत, जुनी लांब मुळे छाटावीत आणि पाने वीतभर राखून वरचा भाग कापून टाकावा. पाने तशीच ठेवल्यास मुळे धरण्यापूर्वीच त्यांतून पाणी उडून जाते व फुटवा सुकतो. कापलेली पाने अर्थातच त्या दिवशीच्या चहाला उपयोगी पडतात.

दोन-दोन फुटव्यांचे एक चूड सुमारे चार बोटे खोल लावावे व भोवतालची माती पायाने दाबून घट्ट करावी. त्याहून खोल लावल्यास पावसात बुंधा कुजतो. दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवावे. पाचसहा माणसांच्या कुटुंबाला तीन ठोंब पुरतात. एकाची कापणी झाली की दुसरा वापरावा, म्हणजे प्रत्येकाला नवी पाने फुटण्यास सवड मिळते. लावणीपूर्वी प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

निगा

लागवडीनंतर पहिला महिनाभर माती सुकू देऊ नये. पुढे पावसाळ्यात पाणी देण्याची गरज नसते. हिवाळ्यात आठदहा दिवसांनी व उन्हाळ्यात चारपाच दिवसांनी पाणी दिल्यास वर्षभर हिरवी पाने मिळतात. पाणी कमी असेल तर ठोंब मरत नाही, निपचित पडून राहतो व पाऊस लागताच पुन्हा फुटतो. परंतु त्या काळात त्याची पाने ओरबाडू नयेत.

वर्षातून दोन वेळा, पावसाच्या आरंभी व पाऊस संपल्यावर, प्रत्येक ठोंबास एक ते दोन पाट्या शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. वाळलेली पाने हाताने काढून ठोंबाच्या बुडाशीच पसरावीत. त्या आच्छादनाने ओल टिकते व तण कमी होते. मात्र ते बुंध्याला चिकटून ठेवू नये, त्याखाली वाळवी लागते.

या पिकाला रोग-किडींचा उपद्रव फारसा होत नाही. दमट हवेत पानांवर तांबूस ठिपके किंवा तांबेरा दिसल्यास ती पाने बुडापासून कापून दूर पुरावीत व ठोंब विरळ करून वारा खेळू द्यावा. घरगुती वापराच्या ठोंबावर कोणतेही विषारी औषध फवारू नये. गुरे या गवताला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे बांधावर, उताराला आडवी ओळ लावल्यास ते टिकते आणि त्याची दाट मुळे मातीही धरून ठेवतात.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते विभागणीकडे. ठोंब दरवर्षी बाहेरच्या बाजूस फुटतो आणि त्याचा मधला भाग जुना होऊन वाळतो. म्हणून दर दोनतीन वर्षांनी पावसाच्या आरंभी ठोंब पूर्ण खणावा, बाहेरचे जोमदार फुटवे घेऊन नव्या जागी लावावेत व मधले लाकडासारखे झालेले खोड कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे. जास्तीचे फुटवे शेजारीपाजारी द्यावेत. अस्वच्छ, पाचटाने भरलेल्या ठोंबात उंदीर व त्यांच्यामागून साप आश्रय घेतात. म्हणून तो दाराच्या अगदी लगत नसावा आणि त्याचे बूड नेहमी स्वच्छ असावे.

कापणी व वाळवण

लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांनी पाने वापरण्यास घ्यावीत. त्यानंतर दोन महिन्यांच्या अंतराने पूर्ण ठोंब जमिनीपासून वीतभर उंचीवर धारदार विळ्याने कापता येतो. रोजच्या चहापुरती पाती हवी असल्यास बाहेरच्या बाजूची, पूर्ण वाढलेली पण हिरवीगार पाने कापून घ्यावीत. मधले कोवळे शेंडे राखावेत. हिसका देऊन ओढल्यास फुटवा उपटून येतो व बोटेही कापतात.

पान निबर होत जाते तसे त्यातील तेल कमी होते. म्हणून न कापता वर्षभर वाढू दिलेला उंच ठोंब दिसावयास भरघोस असला तरी वासाला हलका ठरतो. वेळोवेळी कापणी करणे हाच त्याला ताजा ठेवण्याचा मार्ग होय. कापणी कोरड्या, उघडीप असलेल्या दिवशी, दव उडून गेल्यावर करावी.

उन्हाळ्यासाठी किंवा परगावच्या मुलांना पाठविण्यासाठी पाने वाळवून ठेवता येतात. ती धुऊन, पाणी निथळू देऊन, जुडी न बांधता हवेशीर सावलीत पातळ पसरावीत किंवा दोरीवर टांगावीत. उन्हात वाळविल्यास रंग व वास दोन्ही जातात. पान वाकविताच मोडू लागले म्हणजे बोटभर लांबीचे तुकडे करून घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावेत. तुकडे फार बारीक करू नयेत. भुकटी केल्यास पेशी फुटून तेल बरणीतच उडते, आणि पानाची बारीक धारदार कुसळे गाळणीतून निसटून घशाला बोचतात. वाळविलेली पाने सहा महिन्यांच्या आत संपवावीत.

स्वयंपाकातील उपयोग

चहा : चार कपांसाठी हातभर लांबीची चार ताजी पाती धुऊन बोटभर तुकड्यांत कात्रीने कापावीत व मुठीत किंचित चुरगळावीत. तीन कप थंड पाण्यात ती व ठेचलेल्या आल्याचा लहान तुकडा घालून भांड्यावर झाकण ठेवावे. एक उकळी आल्यावर मंद आंचेवर तीनचार मिनिटे ठेवून मग साखर, चहाची पूड व कपभर दूध घालावे. पुन्हा उकळी येताच उतरवावे, दोन मिनिटे झाकून ठेवावे व गाळावे. गुळाचा चहा करावयाचा असल्यास दूध नासण्याची भीती असते. तेव्हा गुळाचे पाणी आधी उकळून गाळावे आणि वेगळे तापविलेले दूध पेल्यात वरून मिसळावे.

बिनदुधाचा काढा : यात चहाची पूड घालू नये. उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यात चुरगळलेली पाने, तुळशीची चारपाच पाने व आले घालून सातआठ मिनिटे झाकून ठेवावे. चवीपुरता गूळ घालावा. चहाच्या पुडीतील उत्तेजक द्रव्य यात नसल्याने संध्याकाळी घेतला तरी झोप मोडत नाही. जेवणाबरोबर कोरा किंवा दुधाचा चहा पिण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी त्याऐवजी हा काढा घेतल्यास बरे, कारण चहाच्या पुडीमुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते.

खीर : तांदळाची किंवा शेवयांची खीर शिजत आली की एक लिटर दुधास तीन पाती या प्रमाणात, पाने धुऊन, एकत्र करून त्यांची गाठ मारावी व ती दुधात सोडून झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी गाठ काढून टाकावी. वेलदोडा घातला नाही तरी चालते.

सरबत : एक लिटर पाण्यात पाव किलो साखर विरघळवून उकळी आणावी, उतरवून त्यात दहाबारा पाती कापून घालावीत व झाकून थंड होऊ द्यावे. गाळल्यावर चार लिंबांचा रस व चिमूटभर मीठ मिसळावे. लिंबाचा रस पाणी पूर्ण थंड झाल्यावरच घालावा; उष्णतेने त्यातील क जीवनसत्त्वाची हानी होते. पिताना दुप्पट पाणी घालावे.

सार, भात व पेज : टोमॅटोच्या साराला उकळी आल्यावर दोन पात्यांची गाठ पाच मिनिटे सोडावी. भात वैलताना तीच गाठ आधणात घातल्यास साध्या भाताला मंद सुवास येतो. आजाऱ्याच्या पेजेतही एक पाते घालण्यास हरकत नाही. तोंडाला चव नसताना चार घास अधिक जातात.

बुंध्याचा उपयोग : आपल्याकडे पाने वापरून बुंधा फेकून देतात. थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम या देशांत मात्र पांढरा, कोवळा बुंधाच अधिक मोलाचा मानतात, आणि तो वाटणात किंवा रश्शात घालतात. ठोंबाची विभागणी करताना असे बुंधे पुष्कळ मिळतात. बाहेरची आवरणे सोलून, बुंधा वरवंट्याने ठेचून, नारळाच्या रसातील माशाच्या किंवा भाजीच्या कालवणात घालावा व वाढण्यापूर्वी काढून टाकावा. कोकणातील व गोव्यातील गृहिणींना हा प्रयोग अवघड वाटू नये, कारण नारळाचा रस त्यांच्या हातचा आहे.

औषध म्हणून वापरताना

गवती चहाच्या गरम काढ्याने थंडीवाऱ्यात बरे वाटते, घाम येतो, घसा शेकला जातो. हा आराम खरा आहे. परंतु आराम म्हणजे रोगनिवारण नव्हे. पावसाळ्यात व त्यानंतर येणारा ताप हिवतापाचा किंवा डेंगीचा असू शकतो. “दोन दिवस काढा देऊन पाहू” असे म्हणत घालविलेले दिवस रोग्याच्या, विशेषतः लहान मुलाच्या व गरोदर स्त्रीच्या, जिवावर बेतू शकतात. ताप आल्यास आशा कार्यकर्तीला कळवून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्ताची तपासणी आधी करून घ्यावी. काढा त्याच्या जोडीला खुशाल द्यावा.

सहा महिन्यांच्या आतील बालकास आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी दोन चमचे काढाही, देऊ नये. गरोदर स्त्रियांनी चहात एखादे पाते घालण्यास हरकत नाही, परंतु दाट काढा वारंवार घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बाजारात मिळणारे गवती चहाचे तेल अतिशय तीव्र असते. ते पोटात घेऊ नये, अंगाला तसेच चोळू नये व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ठोंब लावल्याने घरात डास येत नाहीत, अशी समजूत बरीच पसरली आहे. वर सांगितल्याप्रमाणे तेल पानात बंद असते. उभे झाड ते हवेत सोडीत नाही. डासांवर खरा उपाय म्हणजे साचलेले पाणी काढून टाकणे आणि मच्छरदाणी वापरणे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिले तर डास कमी होण्याऐवजी वाढतीलच.

विक्रीविषयी

आठवडी बाजारात भाजीबरोबर गवती चहाच्या जुड्या सहज विकल्या जातात. परसातील चारसहा ठोंबांपासून घरच्या स्त्रियांना हातखर्चाचे पैसे मिळू शकतात, व त्यासाठी वेगळे भांडवल लागत नाही. जुड्या सकाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून न्याव्यात.

तेलासाठी एकरी लागवड करणे ही गोष्ट मात्र निराळी आहे. तिला ऊर्ध्वपातनाची भट्टी, जळण, पाणी आणि खात्रीचा खरेदीदार यांची गरज असते. सिट्रल कारखान्यांत कृत्रिम रीतीनेही तयार होत असल्यामुळे तेलाचे भाव चढउताराचे असतात. फुटवे विकणाऱ्याने “माल आम्हीच परत घेऊ” असे तोंडी सांगितले म्हणून शेत गुंतवू नये. भट्टी कोठे आहे, तेल कोण घेतो, मागील हंगामात शेतकऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष काय पडले, हे जाऊन पाहावे व कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. प्रथम परसात तीन ठोंब, मग बांधावर एक ओळ, आणि सर्व चौकशी झाल्यावरच शेत, हा क्रम सुरक्षित होय.

गावातील प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय व्याख्यानाने सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावा. महिला बचत गटाच्या बैठकीत सारख्या आकाराची दोन पातेली घ्यावीत, दोहोंत सारखेच पाणी व चार-चार पाती घालावीत. एकावर झाकण ठेवावे, दुसरे उघडे ठेवावे व दोन्ही दहा मिनिटे मंद उकळावीत. उघड्या पातेल्याच्या वेळी साऱ्या खोलीत घमघमाट सुटेल आणि बायका त्याचे कौतुक करतील. तेव्हा त्यांना सांगावे की, खोलीत आलेला हा वास पेल्यातून वजा झालेला आहे. मग दुसऱ्या पातेल्याचे झाकण उचलून त्याच्या आतील थेंब प्रत्येकीला हुंगावयास द्यावेत आणि दोन्ही काढे चाखावयास द्यावेत. फरक कोणालाही सांगावा लागणार नाही.

त्याच बैठकीत एक जुना ठोंब खणून त्याचे फुटवे कसे करावे हे दाखवावे व प्रत्येकीच्या हाती दोन फुटवे द्यावेत. पुढील पावसाळ्यात त्या घरांना भेट देऊन किती फुटवे जगले, ठोंब कोठे लावले आणि चहाच्या भांड्यावर झाकण आले की नाही, हे पाहून नोंद करावी.